घरात उगवलेली रोपे लांबतात, पण जोम धरत नाहीत : कारण कसे ओळखावे आणि काय करावे

टोमॅटो, मिरची किंवा वांग्याचे बी घरात ट्रेमध्ये टाकले, आठवडाभरात ते चांगले उगवलेही, पण त्यानंतर रोपे नुसतीच लांबत गेली, दोन पानांवर अडून बसली किंवा एका रात्रीत माना टाकून पडली, ही तक्रार फ्लॅटमध्ये राहून गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजीपाला करणाऱ्या मंडळींकडून दर पावसाळ्यात आणि दर हिवाळ्यात ऐकू येते. तक्रार तीच असली तरी जुलैतील कारण आणि जानेवारीतील कारण बहुधा वेगळे असते. ते न शोधता पाणी वाढवणे, खत घालणे आणि ट्रे आणखी उबदार जागी नेणे असे उपाय एकदम केले जातात आणि त्यांतच उरलेली रोपे जातात.

रोपाची वाढ ही प्रकाश, ऊब, पाणी, हवा आणि अन्न यांपैकी जे सर्वांत तुटपुंजे असेल त्यावर ठरते. बाकीच्या चार गोष्टी कितीही वाढवल्या तरी ती तूट भरून निघत नाही. घरात ही तूट दहांपैकी आठ वेळा तरी प्रकाशाची असते, असे मी अनुभवाने ठामपणे सांगेन. प्रकाश कमी असताना ऊब आणि पाणी वाढवले तर रोपाची फक्त लांबी वाढते. म्हणून ‘रोप लवकर वाढले’ हे उंचीवरून ठरवू नये. बुंधा जाड होत आहे का, दोन पानांमधील पेर आखूड आहे का आणि खरी पाने, म्हणजे उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतर (बीजपत्रांनंतर) येणारी पाने, ठराविक दिवसांत येत आहेत का, हे पाहावे. पोषक परिस्थितीत टोमॅटोचे रोप सुमारे २५ ते ३० दिवसांत, वांग्याचे ३० ते ३५ दिवसांत आणि मिरचीचे ३५ ते ४५ दिवसांत लावणीयोग्य होते. आपली रोपे याहून फार मागे राहत असतील तरच काही बिघडले आहे असे समजावे.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. उगवल्यानंतर मिरचीचे रोप दोन बीजपत्रांवर बरेच दिवस तसेच उभे दिसते. टोमॅटोला पहिले खरे पान साधारण आठवडा-दहा दिवसांत येते, मिरचीला त्याहून जास्त वेळ लागतो. या काळात मुळे खाली उतरत असतात. बीजपत्रे हिरवीगार आणि आडवी पसरलेली असतील, देठ आखूड असेल, तर त्या रोपाला काहीही झालेले नाही आणि त्याला काहीही देऊ नये.

प्रथम रोपाकडे नीट पाहावे

मातीच्या पृष्ठभागापासून बीजपत्रांपर्यंतचा देठ हा निदानाचा पहिला पुरावा आहे. टोमॅटोत तो तीन-चार सेंटिमीटरच्या आत असेल तर प्रकाश पुरेसा आहे. तो सात-आठ सेंटिमीटरवर गेला असेल, पांढुरका व बारीक असेल आणि रोप एका बाजूला झुकले असेल, तर प्रकाशाची तूट निश्चित आहे. देठ आखूड पण पाने फिकट पिवळी असतील तर अन्नाचा प्रश्न असतो. पानांच्या खालची बाजू जांभळट झाली असेल तर बहुधा माध्यम, म्हणजे ट्रेमध्ये मातीच्या जागी भरलेले मिश्रण, थंड आहे आणि मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. पानांची टोके करपली असतील तर पाण्यातील किंवा कोकोपीटमधील (नारळाच्या काथ्याच्या भुशातील) क्षार पाहावेत. आणि देठाला मातीलगत करकोचा पडला असेल, तर तो बुरशीचा हल्ला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

प्रकाश : खिडकीतला आणि दिव्याचा

आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, कारण ते कमी प्रकाशाशी पटकन जुळवून घेतात. रोपाला ती सोय नाही. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात साधारण १५० ते ३०० लक्स (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) एवढाच प्रकाश असतो. पावसाळी ढगाळ दुपारीही मोकळ्या गच्चीवर तो अनेकदा १०,००० लक्सच्या वर असतो आणि स्वच्छ उन्हात १,००,००० लक्सच्या आसपास जातो. भाजीपाल्याच्या रोपांना दिवसाचे चौदा ते सोळा तास सुमारे १०,००० लक्स किंवा त्याहून थोडा अधिक प्रकाश हवा. मोबाइलवरील लक्स मोजणारे अॅप अचूक नसले तरी घरातील दोन जागांची तुलना करण्यास ते पुरेसे आहे. तेही नको असेल तर दुपारी ट्रेच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर जागा बरी; सावली धूसर असेल किंवा दिसतच नसेल तर त्या जागी रोपे लांबटच होणार.

‘दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम’ हा सल्ला परदेशी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून आपल्याकडे जसाच्या तसा आला आहे, आणि महाराष्ट्रात तो अर्धाच खरा आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते. पण मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे खरिपाची रोपे करण्याच्या नेमक्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येतच नाही, आणि वर ढग असतात. त्यात डासांची जाळी, रंगीत काच आणि वरचा छज्जा यांनी आणखी प्रकाश अडतो. पूर्वेची खिडकी वर्षभर सकाळचे ऊन देते, म्हणून निवड करायची झाल्यास तीच करावी. जाळी दिवसा उघडी ठेवावी, काच पुसावी आणि ट्रे खिडकीच्या कट्ट्यावरच ठेवावा, कारण काचेपासून दोन-तीन फूट आत आल्यावर प्रकाश निम्म्याहूनही खाली जातो. ट्रे रोज अर्धा फिरवल्याने रोपे सरळ राहतात, पण प्रकाशाची तूट त्याने भरून निघत नाही.

पावसाळ्यात घरात रोपे करायची असतील तर दिवा लावावाच लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी महागडे जांभळे ‘ग्रो लाइट’ घेण्याची गरज नाही. साध्या पांढऱ्या एलईडी दिव्यात रोपाला लागणारा निळा आणि लाल असा दोन्ही प्रकाश असतो, शिवाय पांढऱ्या उजेडात पानांचा खरा रंग दिसतो आणि रोग लवकर लक्षात येतो. चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीसाठी २० वॅटच्या, सुमारे २,००० लुमेनच्या, ६५०० केल्विन म्हणजे थंड पांढऱ्या रंगाच्या तीन बॅटन (नळीसारखे लांब एलईडी दिवे) पुरतात. एकच बॅटन लावून ‘दिवा लावूनही उपयोग झाला नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न दिव्याचा नसतो, तो संख्येचा आणि त्याहूनही अंतराचा असतो. बॅटन रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर असावी आणि रोपे वाढतील तशी वर सरकवता यावी म्हणून साखळीने टांगावी. छताची ट्यूबलाइट हे काम करू शकत नाही. फळीच्या तिन्ही बाजूंना पांढरा थर्माकोल उभा केल्यास बाहेर वाया जाणारा प्रकाश परत रोपांवर येतो.

दिवा टायमरवर १४ ते १६ तास ठेवावा. ‘लवकर वाढावीत म्हणून’ तो चोवीस तास चालू ठेवू नये, कारण सतत प्रकाशात टोमॅटोची पाने पिवळी पडून खराब होतात. तीन बॅटन सोळा तास चालल्या तर दिवसाला एका युनिटच्या आतच वीज लागते. फुकट गेलेल्या संकरित बियाण्यापुढे हा खर्च मोठा नाही.

दाटी हेही प्रकाशाच्या तुटीचेच एक रूप आहे. शेजारच्या पानांमधून गाळून आलेला प्रकाश रोपाला सावलीची सूचना देतो आणि ते शेजाऱ्याच्या वर जाण्यासाठी देठ लांबवते. एका कप्प्यात तीन रोपे उगवली असतील तर बीजपत्रे उघडताच सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापावीत. उपटल्यास राहिलेल्या रोपाची मुळे दुखावतात. रोपे कापताना जीव कळवळतो हे मान्य आहे, पण तिन्ही ठेवल्यास तिन्ही कमजोर राहतात.

ऊब : उगवण्यापूर्वी जास्त, उगवल्यावर कमी

हिवाळ्यातील तक्रार बहुधा उगवणीपासूनच सुरू होते. मिरची, टोमॅटो आणि वांगी यांच्या बियांना उगवताना २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांपर्यंत, आणि नाशिक जिल्ह्यात निफाडकडे त्याहूनही खाली उतरते. घरातील हवा १९-२० अंश असली तरी ओले माध्यम बाष्पीभवनामुळे तिच्याहूनही दोन-तीन अंश थंड असते. अशा माध्यमात मिरचीचे बी दोन-तीन आठवडे पडून राहते आणि त्यातील काही कुजते. म्हणून तापमान हवेचे न मोजता माध्यमात खुपसता येणाऱ्या तापमापीने मोजावे.

थर्मोस्टॅट असलेली हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायची, ठरावीक ऊब राखणारी विजेची चटई, असेल तर उत्तमच. नसेल तर मटकीला मोड आणतो त्याच रीतीने बी आधी घरात फुटवून घ्यावे. मिरचीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओलसर सुती फडक्यात एकमेकांपासून सुटे पसरून, डब्यात घालून उबदार जागी ठेवावे आणि रोज उघडून हवा द्यावी. मोड दोन-तीन मिलिमीटर होताच ओल्या काडीच्या टोकाने उचलून ते ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल ठेवावे. मोड लांब झाला तर तो मोडतो, त्यामुळे इथे आळस करून चालत नाही. या पद्धतीत बियाणे जुने आहे की माध्यम थंड होते, याचाही उलगडा होतो: उबेत ठेवूनही दहांपैकी सहाच्या खाली बिया फुटल्या तर दोष बियाण्याचा आहे. दमट हवेत उघड्या पुडीत ठेवलेले मिरचीचे बी दुसऱ्या वर्षी बरेच मंदावते.

पण उगवण दिसताच वरचे प्लास्टिक किंवा झाकण काढावे आणि ट्रे उबेवरून उतरवून थेट प्रकाशाखाली ठेवावा. निम्मी रोपे याच एका दिवसात बिघडतात. ‘अजून सगळी उगवली नाहीत’ म्हणून झाकण ठेवले जाते आणि आधी उगवलेली रोपे त्या उबदार, दमट अंधारात एका रात्रीत दुप्पट लांब होतात. उगवल्यानंतर दिवसा २० ते २५ आणि रात्री १६ ते १८ अंश तापमान या रोपांना मानवते. म्हणूनच पुण्याचा हिवाळा उगवणीला गैरसोयीचा असला तरी उगवल्यानंतर, प्रकाशाची सोय केल्यास, अतिशय अनुकूल असतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यातील रात्रीही उबदार असतात. तिथे रोपाने दिवसभरात कमावलेले अन्न रात्रीच्या श्वसनात अधिक खर्च होते, त्यामुळे प्रकाशाची गरज आणखी वाढते. हिवाळ्यात टाकीतील गार पाणी थेट न घालता ते खोलीच्या तापमानाला आणून घालावे, एवढी एक सवयही फरक पाडते.

माध्यम आणि पाणी

कोकोपीटची वीट भिजवून लगेच बी टाकणे हे रोपे खुरटण्याचे एक मोठे कारण आहे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर असू शकतात. ज्यांच्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी आणलेला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आहे त्यांनी कोकोपीट पिळून निघालेले पाणी मोजावे. ते नळाच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा २००-३०० हून जास्त नसेल इतके कोकोपीट दोन-तीन वेळा धुवावे. याच कारणाने आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी रोपांच्या ट्रेला कधीही घालू नये. पाणी वाचवण्याची भावना योग्य आहे, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात; ते फरशी पुसायला किंवा मोठ्या झाडांना अधूनमधून चालेल, कोवळ्या मुळांना नाही. तांदळाचे धुवण, ताक, वापरलेली चहापूड यांनाही बीच्या ट्रेपासून दूर ठेवावे. त्यांचा रोपाला काही लाभ होण्याआधी बुरशीला आणि चिलटांना होतो.

धुतलेले कोकोपीट तीन भाग, पर्लाइट (हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खनिज कण) एक भाग आणि चाळलेले गांडूळखत एक भाग हे मिश्रण घरासाठी चांगले आहे. बागेतील माती लहान कप्प्यात घट्ट बसते आणि रोगही आणते, म्हणून ती नको.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर असूनही तिच्यात हवा खेळती असते ती स्थिती, तीच ट्रेमध्ये हवी. कोकोपीट वरून कोरडे, तपकिरी दिसते तेव्हा आत ते ओले असते, आणि नुसते पाहून पाणी घालणारा माणूस इथेच फसतो. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावावी. भरपूर पाणी प्यायलेला आणि पाणी मागणारा ट्रे यांच्या वजनातील फरक दोन-चार दिवसांत हाताला कळू लागतो. पाणी देताना झारीने वरून न ओतता परातीत दोन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात ट्रे दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि मग निथळू द्यावा. ट्रे कायम पाण्यात ठेवल्यास मुळांना हवा मिळत नाही, वाढ थांबते आणि पाने तहानलेल्या रोपासारखी खाली झुकतात. ते पाहून आणखी पाणी घातले जाते.

आता माना टाकण्याबद्दल. तहानेने सुकलेल्या रोपाचा देठ शेंड्याकडून वाकतो आणि पाणी मिळताच तासाभरात सावरतो. रोपमर, म्हणजे वर सांगितलेला बुरशीचा हल्ला, झालेले रोप मात्र मातीलगत मोडून आडवे पडते, पाने तेव्हाही हिरवी असतात. देठ बोटांत धरून पाहिला तर पृष्ठभागाजवळचे चार-पाच मिलिमीटर पाणचट, तपकिरी आणि दोरा आवळल्यासारखे बारीक झालेले दिसतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया हे मातीतील बुरशीसारखे जीव त्याचे नेहमीचे कारक आहेत. त्यांना ओले माध्यम, साचलेली हवा आणि दाटी मानवते. पडलेल्या रोपाला उपाय नाही. ते आणि त्याच्या कप्प्यातील माध्यम काढून टाकावे, पाणी थांबवावे, पंखा लावावा. बुरशीनाशकापेक्षा आधीची खबरदारी स्वस्त आणि खात्रीची आहे. जुने ट्रे धुऊन, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटे बुडवून वाळवावेत, आणि बी टाकतानाच माध्यमात ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) पाकिटावरील मात्रेप्रमाणे मिसळावा.

ट्रेवर बारीक काळी चिलटे उडत असतील तर त्यांच्या अळ्या मातीत कोवळी मुळे खात असण्याची शक्यता असते. कच्च्या बटाट्याची चकती रात्रभर माध्यमावर ठेवून सकाळी उलटून पाहावी. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या असतील तर तिच्या खाली जमलेल्या दिसतात. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू देणे, पिवळे चिकट सापळे आणि वरून सेंटिमीटरभर कोरड्या वाळूचा थर यांनी त्यांचा बंदोबस्त होतो.

खत आणि हवा

खताबद्दल थोडक्यात सांगता येईल. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसते, आणि मिश्रणातील गांडूळखत फार दिवस पुरत नाही. पहिले खरे पान दिसल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समान असलेले) हे विद्राव्य खत एका लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे. रोप तीन-चार पानांवर आले की एक ग्रॅमवर जावे. लांबलेल्या रोपाला मात्र आधी प्रकाश द्यावा आणि मग खत. बोअरचे जड पाणी वापरत असाल आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा दिसत असेल, तर लोहाची कमतरता समजून पाणी बदलून पाहावे.

टेबल फॅन सर्वांत कमी गतीवर, पाने जेमतेम हलतील इतक्या अंतरावर, दिवसातून दोन-तीन तास लावावा. हलणाऱ्या रोपाचा देठ आखूड आणि जाड होतो, आणि मातीचा पृष्ठभागही कोरडा राहतो. पंखा शक्य नसेल तर सकाळ-संध्याकाळ तळहात शेंड्यांवरून अलगद काही वेळा फिरवला तरी हाच परिणाम मिळतो. मात्र ओल्या किंवा रोगट रोपांवरून हात फिरवू नये.

लांबलेली रोपे वाचवावीत की पुन्हा बी टाकावे

टोमॅटो वाचवता येतो, कारण मातीत गाडलेल्या त्याच्या देठाला नवी मुळे फुटतात. खरी दोन पाने आल्यावर रोप मोठ्या पेल्यात बीजपत्रांपर्यंत खोल लावावे आणि त्याच दिवसापासून दिवा जवळ आणावा. मिरचीला असे खोल गाडणे तितके मानवत नाही. तिला बारीक काडीचा आधार देऊन प्रकाश वाढवावा. उगवून आठवडाही झाला नसताना देठ दहा सेंटिमीटरवर गेला असेल तर मी कोणत्याही पिकात पुन्हा बी टाकण्याचाच सल्ला देईन. नव्या, योग्य प्रकाशातील रोपांना जुन्यांना गाठायला फार दिवस लागत नाहीत आणि पुढे फळेही ती अधिक देतात. मांजरी गोट्यासारख्या वांग्याच्या वाणाचे घरचे बी मोजकेच उरले असेल तेव्हा मात्र प्रत्येक रोपासाठी खटपट करणे योग्यच आहे.

घरातील रोपे गच्चीवर नेताना ती एकदम उन्हात ठेवू नयेत. दहा हजार लक्सवर वाढलेले पान लाख लक्सच्या उन्हात काही तासांत पांढरे पडून करपते. पहिले दोन दिवस सावलीत, मग सकाळचे तासभर ऊन, आणि रोज थोडे वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन, असा क्रम ठेवावा. या काळात पाणी किंचित कमी करावे, पण रोप कोमेजू देऊ नये. पावसाळ्यात हीच रोपे सरींच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवावीत आणि लावणी संध्याकाळी, माध्यमाचा गड्डा न फोडता करावी.